बनीला लॅटिनमध्ये काय म्हणावं?

जयपूरच्या परकोट्याबाहेर, पश्चिमेला, बनी पार्क ही वस्ती आहे. त्यातल्या ‘पार्क’ला लॅटिन प्रतिशब्द शोधायचा तर मध्ययुगीन लॅटिनमधला ‘पार्कुस’ आयताच हाताशी येतो. पण तो कुंपणाचा शब्द. इंग्लंडच्या जुन्या दस्तांत त्याचा अर्थ राजाने किंवा सरदाराने शिकारीच्या हरणांसाठी बंदिस्त केलेलं रान. रोमनांची शब्दसंपत्ती याहून बारकाईची होती. जनावरं कोंडून ठेवलेल्या रानाला ते ‘विवारियम’ म्हणत. व्हर्जिलचा भाष्यकार सर्व्हियस तर झाडीचेच तीन प्रकार करतो: आपोआप पसरलेली ती ‘सिल्वा’, नीट राखून-लावून घेतलेली ती ‘नेमुस’ आणि देवाच्या धाकाने राखलेली ती ‘लुकुस’. झाडं तिन्हीकडे सारखी असू शकतील. माणसाचं त्यांच्याशी नातं वेगळं, म्हणून शब्द वेगळा.

‘बनी’ या शब्दाचं गोत्र मला या तिसऱ्या शब्दाशी जुळलेलं दिसतं. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला राजस्थानात अलवरकडे ‘देवबनी’ म्हणतात, मारवाडात ‘ओरण’, आपल्याकडे ‘देवराई’. रोमन लेखक काटोच्या शेतीवरच्या ग्रंथात लुकुस विरळ करण्याआधीचा विधी दिला आहे: डुकराचा बळी द्यायचा आणि इथे जो कोणी देव किंवा देवी असेल त्याची क्षमा मागायची. कोकणात राईतल्या झाडाला हात लावण्याआधी देवाला कौल लावतात. तिथल्या माणसाला काटोचा हा विधी कुणी समजावून सांगावा लागणार नाही. इथे कुंपणाचं काम देवाचा धाक करतो, आणि ‘पार्कुस’मध्ये नेमकं तेच हरवतं.

यावर कुणी म्हणेल, आज बनी पार्कमध्ये घरं नि हॉटेलं आहेत, देव कुठला? आक्षेप रास्त आहे. या वस्तीचं वर्णन करायचं तर लुकुस खोटा ठरेल. मी बोलतो आहे ते ‘बनी’ या शब्दाबद्दल, आणि तो शब्द राजस्थानात अजून जिवंत जमिनींवर नांदतो. अशा जमिनींना काय म्हणायचं हा प्रश्न कोशापुरता उरलेलाही नाही. 1996 साली जंगलांच्या रक्षणासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायला सांगितलं. डिसेंबर 2024 मध्ये त्याच प्रकरणात राजस्थान सरकारला ओरण-देवबन्यांची मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करण्याचे आदेश दिले. ‘वन’ म्हटल्याने त्यांना कायद्याचं संरक्षण मिळेल, ते हवंच. पण वन म्हटलं की राखणदार म्हणून वनखातं डोळ्यांपुढे येतं, बनी म्हटलं की गाव. म्हणून सरकारी नोंदवहीत ‘वन’च्या शेजारी ‘देवबनी’ हा शब्दही जसाच्या तसा लिहिला जावा, असं मला वाटतं.