कर्दे ते हर्णै, चपला हातात घेऊन

कोकणातला आपला वीकेण्ड म्हणजे काय, तर पाच-सहा तास गाडी, मग मासे, मग झोप, की पुन्हा गाडी. समुद्र बघायचा तो रिसॉर्टच्या खुर्चीतून. पुढच्या सुट्टीत एक दिवस नुसता चालण्यासाठी काढा. दापोलीजवळचा कर्दे-मुरुड-हर्णै हा पट्टा त्यासाठी एकदम फिट्ट. ट्रेकिंग शूज नकोत, गाइडही नको.

निघण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय मात्र बघा. चालायला ओहोटी हवी, आणि तिचं गणित सोप्पं आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. अष्टमीला मात्र ओहोटी भर दुपारी बाराला येते, तेव्हा ती टाळलेलीच बरी.

ओहोटीची ओली वाळू पायाला छान घट्ट लागते. तिच्यावर इवल्याशा गोळ्यांची रांगोळी दिसेल. बारके खेकडे वाळूतलं खाणं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं.

मुरुडला सुरूच्या सावलीत टेका. हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! कर्वे रोडच्या सिग्नलला वैतागणाऱ्या पुणेकरांनी हे जरूर आठवावं.

याच किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, तो बुजवते आणि निघून जाते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि उजेडाच्या रोखाने समुद्राकडे पळतात. आणि याच वाळूत आपली मंडळी एसयूव्ही घालून गरागरा फिरवतात. चाकांखाली वाळू दबते, अंडी असतील तर संपलीच. मग गाडी रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरायचं. यात कसली आलीय मर्दुमकी? गाडी रस्त्यावर ठेवा, रात्री टॉर्चचे झोत मारू नका. एवढं तर जमेल ना?

मुरुडपुढे खडक लागले की सरळ डांबरी रस्ता धरा. पाळंदे मागे पडतं आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पेशवे तेव्हा चक्क इंग्रजांच्या बाजूने होते! शाळेत हे आपण भरकन उरकतो. २०२५मध्ये हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव. पाट्या ओतल्या जातात, भोवती कोंडाळं, आणि आपल्याला काही कळायच्या आत माल विकलेला असतो. मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नका, कोळणी सरळ बाजूला करतात. सुरमई घ्या, मुक्कामाच्या घरी द्या आणि कालवण करायला सांगा. फक्त जून-जुलैत हा बेत आखू नका, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते.