एका बातमीचा माग

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडवर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आलेल्या कुणालाही विचारा, धास्ती कशाची वाटते? बहुतेकांचं उत्तर एकच येतं : करंटची. राज्यघटनेचं पुस्तक कधीतरी संपतं, इतिहासही संपतो. चालू घडामोडी रोज सकाळी नव्याने सुरू होतात. मग त्या संपवण्याच्या युक्त्या निघतात. अप्पा बळवंत चौकातून मासिकं येतात, वार्षिक अंक येतात, टेलिग्रामवर पीडीएफ फिरतात. कुठला पुरस्कार कुणाला, कुठल्या निर्देशांकात भारत कितवा, कुठला लष्करी सराव कुणाबरोबर. अशा याद्या लागतात, त्यावर थेट प्रश्नही येतात, आणि त्या पाठ करणाऱ्या मुलामुलींचे कष्ट मी जवळून पाहिलेत. पण या विषयाची गोडी मला लागली ती कांद्यामुळे.

आमचं घर चांदवड तालुक्यात. शेती थोडी, मुख्य पीक उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलमध्ये तो काढायचा, कांदाचाळीत भरायचा आणि पावसाळाभर भावाकडे डोळे लावून बसायचं. चाळीत कांद्याचं वजन घटतं, खालचा थर सडतो, कोंब येतात. थांबावं तितका माल कमी होतो आणि भाव वाढेल याची हमी कुणी देत नाही. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरचे दोन महिने आमच्या घरात फार महत्त्वाचे. आईची औषधं, भावाची फी, माझी मेस आणि अभ्यासिका, सगळं त्यातूनच निघायचं.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. रात्री वडिलांचा, म्हणजे नानांचा, फोन आला. त्यांनी कांद्याच्या भावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "अगं, हे ठरवतं कोण? आपलं सरकार का दिल्लीचं?"

त्या रात्री मी सातवी अनुसूची काढून बसले. ती पूर्वी कितीदा वाचली होती, पण आता नानांचा प्रश्न समोर ठेवून वाचत होते. शेती राज्यसूचीत, बाजार आणि जत्राही राज्यसूचीत. आयात-निर्यात आणि सीमाशुल्क संघसूचीत. अन्नपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीत, नोंद ३३. म्हणजे आमच्या चाळीतला तोच कांदा शेतात असतो तेव्हा राज्याच्या विषयात, लासलगावच्या बाजार आवारात पोचला तरी राज्याच्याच, आणि बंदराकडे निघाला की केंद्राच्या. नानांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोर्चा कुठं न्यायचा ते तरी कळलं."

दुसरा प्रश्न माझा मीच काढला : आत्ताच का? त्याचं उत्तर शोधायला हवामानापासून सुरुवात करावी लागली. एल निनोचं वर्ष होतं. १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट चालू होता. जुलैत टोमॅटो भडकले होते आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता. रिझर्व्ह बँकेला कायद्याने दिलेलं लक्ष्य ४ टक्क्यांचं, दोन टक्के वर-खाली चालतं. त्या वेळच्या, २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के. भाजीपाला महागला की अख्खा आकडा हलतो आणि आकडा हलला की सरकार हालचाल करतं. भूगोलाच्या वहीतला एल निनो, अर्थशास्त्रातला ग्राहक किंमत निर्देशांक आणि राज्यशास्त्रातली संघसूची ही तोवर माझ्यासाठी तीन वेगळी पुस्तकं होती. पहिल्यांदाच ती एका ओळीत उभी राहिली, आणि ओळीच्या टोकाला आमची चाळ होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुःख होतंच, पण काहीतरी हाती लागल्याचं समाधानही होतं.

मग मी हा माग सोडला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. प्रत्येक तारखेपुढे मी वहीत लिहीत गेले : कुठल्या कायद्याखाली, कुठल्या खात्याने, पाऊसपाणी कसं होतं, चाळीत माल किती होता. शुल्क अर्थ मंत्रालय लावतं, बंदी विदेश व्यापार महासंचालनालय १९९२ च्या कायद्याखाली घालतं, बफरसाठ्याची खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ करतात, हे फरक त्यातून आपोआप डोक्यात बसले. वर्तमानपत्रातल्या चौकटीत मात्र एवढंच छापलेलं असायचं : कांदा उत्पादक संतप्त.

कॉटबेसिसवर माझ्या शेजारी राहणारी मैत्रीण मुंबईची. तिची आई घरकाम करते. २०२३ च्या नोव्हेंबरात मी निर्यातीवरच्या निर्बंधांवर भडाभडा बोलत असताना ती शांतपणे म्हणाली, "कांदा साठ-सत्तरवर गेला की आमची आई भाजीत कांदा घालत नाही. तिनं काय करायचं?" मला उत्तर सुचेना. आम्ही दोघी त्यावर कित्येक रात्री भांडलो. तिच्यामुळे मी बफरसाठ्याचं आणि किंमत स्थिरीकरण निधीचं वाचन केलं. माझ्यामुळे तिने साठवणुकीतली नासाडी आणि शेतकऱ्याचा उत्पादनखर्च वाचला. माझं मत तेव्हा बनलं आणि ते आजही तेच आहे : शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे, पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून काढणं अन्यायाचं आहे. माल चाळीत भरून झाल्यावर नियम बदलणं तर त्याहून वाईट. पेरणीच्या आधी धोरण कळलं तर माणूस काही ठरवू तरी शकतो.

मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात शेतमालाची साठवण, वाहतूक, विपणन आणि बफरसाठे हे मुद्दे लिहिलेलेच आहेत. अडीचशे शब्दांच्या उत्तरात दोन्ही बाजू मांडायला आम्हाला कुठल्या क्लासने शिकवलं नाही, त्या रात्रींच्या भांडणांनी शिकवलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तो बदल मला म्हणूनच मनापासून पटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, ती याच बदलाला वेळ मिळावा म्हणून. वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नांची तयारी केलेल्यांची ती मागणी रास्तच होती. पण खेड्यातून आलेल्या मुलामुलींकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि चार पर्यायांच्या गोलात ते मावत नाही.

आता रविवारी आम्ही काही जणी एकत्र बसतो. नियम एकच ठेवलाय : आपल्या तालुक्याला लागलेली एक बातमी आणायची आणि तिचा माग दिल्लीपर्यंत किंवा त्याही पुढे काढायचा. बुलढाण्याच्या मुलीने लोणार सरोवर आणलं. २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, पण गावातल्या लोकांच्या पाण्याचं, रस्त्याचं, बांधकामाचं त्यामुळे काय झालं, हे तिने चुलत्याला फोन करून विचारलं. ठाण्याच्या मुलीने खाडीवर बोलताना एकाच तासात कोळीवाडा, फ्लेमिंगो, किनारपट्टी नियमन क्षेत्र आणि पुलाचं काम एवढं सगळं घेतलं. कुठल्याही मासिकात हे असं एकत्र मिळत नाही. वेळ फार जातो, हे खरं. एका बातमीला अख्खी दुपार लागते आणि तेवढ्यात बाकीच्यांच्या शंभर ओळी वाचून होतात. तरी एक बातमी अशी खोल वाचली की पुढच्या वीस बातम्या लवकर कळतात, असा माझा अनुभव आहे.

कांद्यावरचं शुल्क उठलं तेव्हा आमच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी जोरात होती. आवक प्रचंड, त्यामुळे भाव काही चढला नाही. बंदीच्या काळात बाहेरची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली, असं आमच्याकडचे व्यापारी सांगत होते. नानांचा फोन आला, "चाळ भरू का आत्ताच विकू?" मी त्यांना पावसाचा अंदाज सांगितला, नाफेडची खरेदी कधी सुरू होते ते सांगितलं, बांगलादेशाच्या आयातीबद्दल जे वाचलं होतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग निम्मा कांदा विकला, निम्मा चाळीत भरला.