वहीतला कोरा रकाना

मराठीचा शिक्षक म्हणून तीस वर्षे काढल्यावर माणसाला काही खोडी जडतात. मला जडलेली खोडी शब्द टिपण्याची. घरी सुतार कामाला आला, की मी त्याच्यापाशी स्टूल घेऊन बसतो आणि रंधा, पटाशी, गिरमिट असे शब्द त्याच्या तोंडून पुन्हा ऐकून घेतो. यासाठी माझ्याकडे निळ्या कव्हराची एक लांबट वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर मी तीन रकाने आखलेले आहेत : शब्द, संदर्भ आणि अर्थ. अभ्यासकेंद्रावरच्या रविवारच्या तासाला ही वही मी अनेकदा नेतो. व्यवसायभाषा म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा त्या वहीतून विद्यार्थ्यांना लवकर उमगते.

या वहीत मध्येच चार पाने पोकरची आहेत. ती मी अजून कोणालाही वाचून दाखविलेली नाहीत. आज त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

तीन वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामासाठी मला पुण्यात महिनाभर राहावे लागले. माझा भाचा तेथे एका संगणक कंपनीत नोकरीला होता. "मामाला हॉटेलात कशाला ठेवतोस, तुझ्याकडेच राहू दे," असे ताईने त्याला बजावले आणि मी त्याच्या दोन खोल्यांच्या घरात उतरलो. पहिल्याच शनिवारी रात्री त्याचे पाच-सहा मित्र जमले. जेवणाचे टेबल मधोमध ओढले गेले, त्यावर हिरवे कापड पसरले आणि रंगीत चकत्यांचा डबा उघडला गेला. आतल्या खोलीत मी उत्तरपत्रिका तपासत होतो. परंतु बाहेरून येणारे शब्द ऐकून माझे लक्ष गुणांवरून उडाले. "फ्लॉपला मला काहीच लागलं नाही." "टर्नवर चेक केलं." "पण रिव्हरने मारलं रे!" वाक्ये मराठी होती आणि तरीही मला त्यांतले अवाक्षर कळत नव्हते. मी वही उचलली आणि बाहेर जाऊन बसलो.

भाचा शिकविण्यात पटाईत निघाला. ते खेळत होते तो पोकरचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातले रॉब्सटाउन हे गाव या प्रकाराचे जन्मस्थान मानले जाते. २००७ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी तीन पाने उघडली जातात, तो 'फ्लॉप'. चौथे पान 'टर्न' आणि पाचवे, शेवटचे पान 'रिव्हर'. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. नवी रक्कम न लावता थांबायचे तर 'चेक', समोरच्याची बोली स्वीकारायची तर 'कॉल', वाढवायची तर 'रेझ' आणि पाने टाकून द्यायची तर 'फोल्ड'. पाने वाटण्यापूर्वीच दोघांना सक्तीने जी रक्कम लावावी लागते तिला 'ब्लाइंड' म्हणतात. आपल्या तीन पत्तीतही 'ब्लाइंड' आहे. पण तेथे तो पाने न पाहता खेळण्याचा प्रकार आहे. पोकरच्या 'फोल्ड'ला तीन पत्तीत 'पॅक' म्हणतात. इंग्रजी शब्द तेच असले, तरी खेळ बदलला की अर्थ बदलतो. मी मोठ्या आनंदाने हे सारे टिपून घेतले.

पानांची टोपणनावे ऐकताना तर मला माझे बालपण आठवले. मेंढीकोटात आम्ही दश्शीला मेंढी म्हणत असू आणि चारही मेंढ्या पकडण्यासाठी जिवाचा आटापिटा करीत असू. पोकरमध्ये दुर्रीच्या जोडीला 'डक्स' म्हणजे बदके म्हणतात, अठ्ठीच्या जोडीला 'स्नोमेन' म्हणजे बर्फाची माणसे, राजांच्या जोडीला 'काउबॉइज'. आकड्याच्या आकारात बदक दिसणे काय किंवा दश्शीत मेंढी दिसणे काय, माणसाची प्रतिमा घडविण्याची हौस सगळीकडे सारखीच. दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या आल्या, तर तो 'डेड मॅन्स हँड', मेलेल्या माणसाचा हात. १८७६ साली डेडवुड या गावी वाइल्ड बिल हिकॉक याला पोकर खेळत असताना पाठीमागून गोळी घालण्यात आली. तेव्हा त्याच्या हातात हीच पाने होती, असे परंपरेने सांगितले जाते.

काही शब्द टेबलावरून उठून थेट समाजात वावरू लागलेले आहेत. पत्ते वाटण्याची पाळी कोणाची, हे दाखविणाऱ्या खुणेला पोकरमध्ये 'बक' म्हणत. त्यावरून जबाबदारी दुसऱ्याकडे ढकलण्यासाठी इंग्रजीत 'बक' पुढे सरकविण्याचा वाक्प्रचार रुळला आणि ही टोलवाटोलवी आपल्यापाशी संपते, अशा अर्थाची पाटी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या टेबलावर ठेवली. शेअर बाजारातला 'ब्लू चिप' हा शब्दही असाच. परंपरेने निळी चकती सर्वांत मोलाची, म्हणून भरवशाच्या कंपनीचा समभाग 'ब्लू चिप'.

आपल्याकडेही हे घडले आहे. 'हुकमाचा एक्का', 'दुर्री-तिर्री', 'पत्ता कापणे', 'झब्बू देणे' हे प्रयोग पत्ते न खेळणारी माणसेही करतात. 'पण' म्हणजे द्यूतात लावलेली रक्कम. तिच्यावरून 'पणाला लावणे' आले. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगांची नावे मुळात फाशांच्या दानांची. त्यांतले सर्वांत हलके दान म्हणजे कली. म्हणजे आपण ज्या युगात राहतो, त्याचे नावदेखील एका हरलेल्या डावाचे आहे. त्या रात्री हे मी त्या मुलांना सांगितले, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटून दाद दिली. शब्दांची देवघेव अशी रंगली, की उत्तरपत्रिका तशाच राहिल्या.

पुढच्या शनिवारी माणसांचे शब्द मिळाले. नवखा खेळाडू 'फिश', त्याला गिळणारा 'शार्क', खूप पैसा असलेला पण खेळ न जाणणारा 'व्हेल'. अतिसावध, हात आखडून खेळणारा 'निट'. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ उवेची लीख. तिकडे मासा, इकडे बकरा. फसणाऱ्याला माणूस म्हणायचे नाही, हा संकेत दोन्हीकडे आहे.

'टिल्ट' हा शब्द मला विशेष आवडला. पिनबॉलचे यंत्र खेळणाऱ्याने फार हलविले, की त्यावर ही अक्षरे उमटत आणि खेळ बंद पडे. पोकरमध्ये हरल्यामुळे ज्याचा विवेक सुटतो आणि जो गेलेले परत मिळविण्यासाठी वेड्यासारखा खेळू लागतो, तो 'टिल्ट'वर गेला असे म्हणतात. मी म्हणालो, "अरे, आमच्याकडे याला अंगात कली शिरणे म्हणतात. महाभारतातल्या नळाचं हेच झालं. कली नळाच्या अंगात शिरला आणि द्वापर फाशांत." भाचा हसला. म्हणाला, "मामा, मग चांगल्या खेळाडूचं लक्षण एकच. कली यायच्या आत फोल्ड." त्याचे हे वाक्य मी चौकटीत लिहून ठेवले.

त्याच रात्री त्याने मला ख्रिस मनीमेकरची गोष्ट सांगितली. टेनेसीचा हा लेखापाल ऑनलाइन पात्रता फेरीतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २००३ साली पंचवीस लाख डॉलर जिंकून बसला. मनीमेकर हे त्याचे खरे आडनाव. मी त्या आडनावाच्या योगायोगात रमलो. भाच्याच्या डोळ्यांत त्या क्षणी काय होते, ते मी पाहिले नाही.

महिना संपला आणि मी गावी परतलो. त्यानंतर अधूनमधून त्याचा फोन येई. शनिवारची बैठक मोडली होती. आता तो एकटाच मोबाइलवर खेळत असे. "कसं चाललंय?" असे मी विचारी आणि तो मला नवा शब्द देई. एकदा म्हणाला, "बॅड बीट बसला, मामा." हात भक्कम असूनही शेवटच्या पानावर हरणे, असा अर्थ मी लिहून घेतला. पुढे म्हणाला, "व्हेरियन्स आहे, होतं असं." संभाव्यतेच्या गणितातला हा शब्द, थोड्या डावांत नशिबाचे चढउतार मोठे दिसतात, असे त्याने समजावले आणि ते खरेही आहे. पावसाळ्यात एकदा म्हणाला, "सध्या डाउनस्विंग चालू आहे." मी वहीत शब्द लिहिला, संदर्भ लिहिला आणि फोन तुटल्यामुळे अर्थाचा रकाना कोरा राहिला. पुन्हा फोन करून अर्थ विचारावा, असे मनात होते. ते राहून गेले.

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. वसुलीची माणसे तिच्या घरी येऊन गेली होती. भाच्याने दोन ठिकाणी कर्ज काढले होते आणि मेव्हण्यांच्या माघारी तिच्या नावावर ठेवलेली मुदत ठेवही, "गुंतवतो" म्हणून सही घेऊन, मोडली होती. सगळे मिळून नऊ लाखांच्या वर.

मी पुण्याला गेलो. तो दार उघडून आत जाऊन बसला. बराच वेळ बोलत राहिला. डाउनस्विंग लांबला, बँकरोल संपला, एका मोठ्या डावात रिव्हरने मारले, मग टिल्ट आला. मला आता यांतला प्रत्येक शब्द कळत होता. कळत होता म्हणूनच एक गोष्ट ध्यानात आली. त्याच्या एकाही वाक्यात कर्ता तो नव्हता. मारले ते रिव्हरने, आला तो टिल्ट, लांबला तो डाउनस्विंग.

मी म्हणालो, "हे सगळं साध्या मराठीत सांग."

तो म्हणाला, "पैसे गेले, मामा."

मराठीही काही कमी नाही. 'पैसे गेले', 'दान उलटे पडले', 'पत्ते लागले नाहीत' : आपल्याकडेही हरणाऱ्याला वाक्याबाहेर उभे करण्याची सोय आहेच. मी गप्प राहिलो. खाली रस्त्यावर फटाक्यांचे स्टॉल लागत होते, त्यांचा आवाज वर येत होता. मग तो मान खाली घालून म्हणाला, "मी हरलो. आईचे पैसे मी हरलो." आणि रडू लागला.

विद्यार्थी मित्रांनो, समूहभाषेचे कार्य शिकताना आपण दोन गोष्टी लिहितो : ती समूहाला एकत्र बांधते आणि नेमकेपणाने बोलण्याची सोय करते. दोन्ही खरेच आहे. 'टिल्ट' हा शब्द ज्याला ठाऊक आहे, तो कदाचित वेळीच स्वतःला सावरूही शकेल. परंतु त्या दिवसानंतर मी तिसरी गोष्टही शिकवितो. समूहाचे शब्द दुःखाला मऊ अस्तर लावतात. पैशाची चकती होते, कर्जाचा डाउनस्विंग होतो, फसलेल्या माणसाचा मासा होतो. आतल्या माणसाला त्यामुळे टोचत नाही आणि बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून शब्द टिपणाऱ्याने अर्थाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : या शब्दाने कोणते वाक्य टाळले गेले?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले जुगाऱ्याचे सूक्त मी वर्गात अनेकदा समजावून सांगितले आहे. कर्जात बुडालेला तो माणूस, त्याची दुरावलेली पत्नी आणि शेवटी फासे टाकून शेतीकडे वळण्याचा उपदेश, हे सारे मला पाठ होते. माझ्या घरातला तोच माणूस दर पंधरवड्याला माझ्याशी फोनवर बोलत होता आणि मी त्याच्याकडून शब्द गोळा करीत होतो.

भाचा आता ताईकडे राहतो. जवळच्या शहरात दुसरी नोकरी करतो, दर महिन्याला हप्ता फेडतो. मोबाइलमधला खेळ त्याने ताईच्या समोर काढून टाकला. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा शेजारची मुले बदामसात खेळायला आली आणि "दादा, तू पण बस" म्हणून त्याचा हात ओढू लागली. त्याने ताईकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तो म्हणाला, "तुम्ही खेळा, मी पाने पिसून देतो," आणि पत्ते पिसून मुलांच्या हाती देऊन तो अंगणात गेला.

घरी परतल्यावर मी वही काढली. 'डाउनस्विंग'पुढचा अर्थाचा रकाना अजून कोराच होता. कोशात मिळेल असा अर्थ मी तेथे लिहिला : खेळाडू सलग हरत राहतो तो काळ. आणि वर मघाशी "ते राहून गेले" असे जे मी या लेखात लिहिले आहे, ते वाक्य वहीत दुरुस्त करून त्याच्याखाली लिहिले : मी विचारले नाही.