ग्रीनच्या काठावर

आमचा हँडिकॅप २८ होता. गोल्फ न खेळणाऱ्या मंडळींना हा आकडा ऐकून आमच्याविषयी उगीचच आदर वाटे आणि त्यांचा गैरसमज आम्ही सहसा दूर करीत नसू. खेळणाऱ्यांना मात्र तो कबुलीजबाबच वाटतो. ७२ फटक्यांच्या मैदानावर आम्हांला चांगल्या दिवशीही शंभर लागत.

हे जादा फटके लांबच्या पल्ल्यात वाया जातात, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. म्हणून नवा ड्रायव्हर घेतला. चेंडू थोडा लांब जाऊ लागला, फटके तेवढेच राहिले. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. ग्रीनच्या काठावरून एक चिप आणि दोन पट, असे तीन फटके पुरावेत, तिथे आम्ही पाच-सहा खर्च करीत होतो. आमचे निम्मे पाप शेवटच्या पंधरा पावलांत होते.

दोष साधा होता. चेंडू अलगद उठावा म्हणून आम्ही मनगटे वळवून त्याला खालून उचलायला जात असू. त्या नादात वजन मागच्या पायावर जाई. मग क्लब एक तर चेंडूच्या मागच्या मातीत रुते, नाही तर त्याची धार चेंडूच्या मध्यावर बसून तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जाई.

अशाच एका सकाळी आमच्या कॅडीने आठ नंबरची आयर्न पुढे केली. आम्ही ती नाकारून सँड वेज मागितली. दूरदर्शन संचावर मोठे खेळाडू तीच वापरताना दिसतात ना! दोन फटके फुकट गेले. तेव्हा सोबतच्या मित्रांदेखत आम्ही म्हणालो, "नीट क्लबसुद्धा देता येत नाही का?" तो काही बोलला नाही. क्लब पुसून त्याने पिशवीत ठेवला. आमचे बोलणे नुसते उद्धट नव्हते, ते खोटे होते, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. खेळ संपल्यावर आम्ही त्याला शंभर रुपये जास्त दिले. माफी मागितली नाही.

पुढे एका सोमवारी, मैदान सभासदांना बंद असते त्या दिवशी, विसरलेला चष्मा आणायला गेलो असता तो खेळताना दिसला. हातात जुनी, मूठ झिजलेली आठ नंबरची आयर्न होती. पाय जवळजवळ, वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या बाजूला, हात किंचित पुढे, मनगटे स्थिर. पट करावा तसा त्याने क्लब हलविला. चेंडू गुडघ्याएवढाही उडाला नाही. ग्रीनवर पाऊलभर आत टेकला आणि पुढचे सारे अंतर घरंगळत गेला.

आम्ही जवळ जाऊन म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती." आमच्या लेखणीला 'आम्ही'ची सवय असली, तरी हे वाक्य एकवचनातच म्हणावे लागले. तो म्हणाला, "चालायचंच, साहेब." मग एक चेंडू आमच्यापुढे टाकून म्हणाला, "बॉल उचलायचं काम क्लबचं आहे. तुम्ही फक्त खाली मारा."

सारी विद्या एवढीच. क्लबच्या पात्याला मुळातच उतार असतो. चेंडूवर खालच्या दिशेने फटका बसला की तो उतारच त्याला वर काढतो. मग फक्त चेंडू कुठे टेकवायचा ते ठरवायचे. सपाट ग्रीनवर सँड वेजचा चेंडू हवेत जितका जातो साधारण तितकाच घरंगळतो. पिचिंग वेजचा दुप्पट, आठ नंबरचा चौपट. हे ठोकताळे आहेत. उतार आणि गवत पाहून ते बदलावे लागतात.

ताकदीचे वेड आम्हांला एकट्यालाच नाही. पण १९३८ च्या पीजीए स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पॉल रन्यन या आखूड फटक्याच्या खेळाडूने सॅम स्नीडसारख्या दणकेबाजाला ७ होल शिल्लक असतानाच ८ होलने हरविले, ते ग्रीनच्या जवळच्या कसबावर.

आज आमचा हँडिकॅप २४ आहे. गच्चीवर जाड टॉवेल अंथरून, त्यावर चेंडू टेकविण्याचा सराव रोज वीस मिनिटे चालतो. अजूनही मैदानात चार माणसे पाहत असली की मनगटे उचलायला धावतात. तेव्हा मागून हळूच आवाज येतो, "साहेब, खाली." आता तो आम्ही ऐकतो.