कालनिर्णयवरचा भंडारा

आमच्या घरात भंडारा तीन ठिकाणी असायचा. देव्हाऱ्यातल्या पितळी वाटीत, आईच्या कनवटीच्या पुडीत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर. पहिल्या दोन जागा अणदूरच्या पुष्कळ घरांत सापडतील, गावच खंडोबाचं. तिसरी मात्र आमचीच. दर 21 दिवसांनी येणाऱ्या तारखेच्या चौकटीत आई भंडाऱ्याचं बोट टेकवून ठेवायची. तो माझ्या इंजेक्शनचा दिवस.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. घसा दुखला, ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो ओसरतोय तोवर घोटा, मग मनगट. वाढीचं वय आहे, दुखणारच, असं सगळेच म्हणाले. पण मी घरातल्या घरात चालतानाही धापा टाकू लागलो, तेव्हा सोलापूरला न्यायचं ठरलं.

दिवस मार्गशीर्षातले. आमचा खंडोबा दोन गावांचा आहे. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एकच. दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात आणि मग देव निघतो. मैलारपूरची पौष पौर्णिमेची मोठी यात्रा झाल्यावर तो परत येतो. मी आजारी पडलो तेव्हा देव नुकताच तिकडे गेला होता. नळदुर्ग अणदूरच्या पूर्वेला, सोलापूर पश्चिमेला. आजीचं म्हणणं, आधी लेकराला देवाच्या पायावर घाला, मग कुठं न्यायचं तिथं न्या. माझे वडील, अण्णा, गप्प उभे होते. आई म्हणाली, "लेकराला तुम्ही दवाखान्यात न्या. देवाला मी गाठते."

त्या दिवशी घरातून दोन एसट्या दोन दिशांना धरल्या गेल्या. संध्याकाळी आई सोलापूरच्या वॉर्डात पोचली, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. मला आजही वाटतं, आमच्या घराची श्रद्धा काय होती ते त्या एका दिवसात सगळं आलं.

आजार होता संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर उठते. हा आजार सांधे नुसते चाटतो, पण हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक फार जुन्या काळापासून म्हणत आले आहेत. सांध्यांची सूज मागं काही ठेवत नाही. झडपांवरचा व्रण मात्र राहू शकतो आणि ताप उलटला की तो वाढतो. म्हणून पेनिसिलिनचं लांबणीचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. माझ्या एका झडपेला सूज होती. मी 21 वर्षांचा होईपर्यंत तरी ते घ्यावं लागणार होतं.

आईनं नवस बोलला होता, लेक बरा झाला की पाच घरी वारी, म्हणजे खंडोबाच्या नावानं भिक्षा, मागेल. डॉक्टरांचं ऐकून तिनं तो नवस पुढं ढकलला. शेवटचं इंजेक्शन होईल, त्यानंतरच वारी. तोवर वांगं खायचं नाही. चातुर्मासात वांगं आमच्याकडं सगळेच सोडतात आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा धरतात. आई नैवेद्याचं भरीत दरवर्षी करायची, आम्हाला वाढायची, स्वतःच्या ताटात घ्यायची नाही.

पेनिड्युरची, म्हणजे त्याच पेनिसिलिनची बाटली, उकळलेली काचेची सिरिंज, जाड सुई. औषध दुधासारखं दाट. कालवल्यावर रेंगाळलं तर सुईत अडकायचं. आधी हातावर टेस्ट, मग कमरेत. त्या दिवशी मी लंगडत शाळेत जायचो. दोन-तीन वर्षांनी मी धावू लागलो, खो-खो खेळू लागलो, तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरगं ठणठणीत आहे, कशाला टोचता? देवानं बरं केलंय की. आई म्हणायची, "देवाला मी बारा वर्षांचा शब्द दिलाय."

याच आजाराचं आणखी एक पोर ओळखीत होतं. सांधे उतरले, घरच्यांनी नवस फेडला, जेवणावळ घातली आणि इंजेक्शनं थांबवली. त्यांची भक्ती आमच्यापेक्षा तसूभर कमी नव्हती. ताप पुन्हा उलटला, झडप निकामी झाली. ते पोर विशी पाहू शकलं नाही. श्रद्धेनं घात केला असं मी म्हणणार नाही. बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक त्यांना कुणी बसून समजावला नव्हता.

समजावणारी माणसं आमच्या गावात नव्वदच्या दशकात आली. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं अणदुरात काम उभं केलं. खेड्यातल्या बायकांना शिकवून त्यांच्यातून 'भारतवैद्य' तयार केल्या. साधे आजार गावातच बघायचे, गंभीर दुखणं वेळेत ओळखून पुढं पाठवायचं. त्या बायकाही खंडोबाच्याच भक्त. घरोघर त्यांचं ऐकलं गेलं, कारण त्या देव्हाऱ्याशी भांडायला आल्या नव्हत्या.

पुढं मी पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा होस्टेलवरही आईनं तसंच कालनिर्णय पाठवलं, वर्षभराच्या तारखांवर बोटं उमटवून. शेवटी हृदयाचा टूडी एको झाला, झडप नीट मिटत होती, डॉक्टरांनी थांबा म्हटलं. मग मी पाच घरी वारी मागितली आणि त्या चंपाषष्ठीला आईनं भरीत खाल्लं.

घसा दुखून गेल्यावर लेकराचे सांधे एकामागून एक सुजू लागले, तर वाढीचं वय म्हणून सोडू नका, हृदय तपासून घ्या. आणि नवस बोलायचाच असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतरचा बोला.