पैनगंगेवर शीड

नागपूरहून हैदराबादला गाडीने निघालात, की पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. पाट्या तेलुगू होतात, पण चहाच्या टपरीवर मराठी चालते. त्यात नवल नाही. किनवट आणि राजुरा तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, सोयरिकी दोन्ही काठांवर तशाच राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात आम्ही भावंडं आत्याकडे जाताना इथे थांबलो. नदी दुथडी भरलेली. धाकट्याने मोबाइलवर अमेरिकी लष्कराची जुनी ‘लार्क-एलएक्स’ दाखवली. जमिनीवर आणि पाण्यातही चालणारं हे धूड सुमारे १९ मीटर लांब, ८ मीटर रुंद. ६० टन माल नेणार, प्रत्येक चाकाला वेगळं इंजिन आणि चाक माणसाहून उंच!

“दादा, हिला शीड लावू. डिझेल वाचेल.”

झालं, हिशेब सुरू. पावसाळी वारा साधारण पश्चिमेकडून, नदीही पूर्वेला वाहते. म्हणजे वर्धा नदीच्या संगमापर्यंत प्रवास फुकट. परत येणार कसं? वाऱ्याविरुद्ध नागमोडी जायला होडीच्या तळाशी खोल कणा लागतो. हिचा तळ सपाट, त्यात चार चाकं लोंबकळणारी. शीड ताणलं की ही आडवीच वाहत जाणार. वाटेत बंधारा आला तर? काठावर चढायचं, डोलकाठी आडवी करून पलीकडे उतरायचं!

अशी खुळं कधी खरीही होतात. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर युद्धकाळात भारतीय लष्करात होता. १९४६ मध्ये बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर त्याने पाण्यात चालणारी फोर्ड जीप पाहिली. तशाच जीपने त्याने १९५० ते १९५८ या काळात जगप्रदक्षिणा केली.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. तिची लेक यवतमाळकडे दिलेली. म्हणाली, “शीड राहू दे रे. पुरात रस्ता बंद झाला की लेकीकडे कसं जायचं, ते सांगा.”

आम्ही गप्प. जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली होती. आता आपल्या लष्कराकडे ‘अ‍ॅटॉर’ आहे. फुगीर टायरांच्या खाचांनीच ती पाणी कापते. तशी एखादी पैनगंगेकाठच्या तालुक्याला कायमची मिळाली, तर आत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. शिडाविना चालेल.