दहा इंची नळी आणि चिऊची खोली

सबमिशनचा आठवडा म्हणजे हॉस्टेलवर रात्रीचा दिवस! तीन जर्नलं बाकी, पोटात मेसची पातळ खिचडी, आणि रात्री साडेबाराला फोन वाजला. टेक्सासहून दादा, माझा मावसभाऊ. वाटलं, नेहमीप्रमाणे "अभ्यास काय म्हणतोय?" विचारणार. तर पठ्ठ्या म्हणतो, "तू मेकॅनिकलचा ना? मग सांग, घरात ठेवायला आखूड नळीची रायफल घ्यायची, तर कॅलिबर कोणतं घेऊ?"

रूम पार्टनरने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "काय रे, सुपारी मिळाली का?"

दादा हौशी माणूस नाही. व्हिसावर होता तोवर तिकडच्या कायद्याने त्याला सहसा बंदूक घेता येत नव्हती; ग्रीन कार्ड मिळाल्यावर वाट मोकळी झाली, तरी त्याने कधी विषय काढला नाही. पण महिन्याभरापूर्वी भरदुपारी कुणीतरी त्याच्या घराचं मागचं दार लाथा घालून फोडायला बघितलं. घरात वहिनी आणि चार वर्षांची चिऊ. शेजारचा कुत्रा भुंकला म्हणून तो माणूस पळाला. तेव्हापासून दादाची झोप उडाली आहे.

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. आजोबांकडे परवान्याची बाराबोअर होती, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. पण नळी म्हणजे शेवटी काय, सिलिंडर. आणि गोळी म्हणजे पिस्टन, फक्त परत न येणारा! म्हटलं, चला, जर्नल राहू दे, हे बघू.

आधी आखूड नळी कशाला? घरातल्या पॅसेजमध्ये, दारातून वळताना लांब नळी अडकते म्हणून. अमेरिकेत १६ इंचांहून कमी नळीची रायफल १९३४ च्या कायद्याखाली सरकारकडे नोंदवावी लागते. त्यावर २०० डॉलरचा कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे मात्र सुटले नाहीत. दादाच्या मनात १० इंचांच्या आसपासची नळी होती.

आता दोन उमेदवार. पहिलं ५.५६ मिमी. हे काडतूस एम-१६ रायफलीच्या २० इंची नळीत वाढलेलं. तिथे त्याची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने सुटते. नळी १० इंचांवर आणली की वेग ८१० च्या आसपास येतो. वेग १८ टक्क्यांनी कमी, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा गेली! कारण सोपं आहे. काडतुसातली दारू (ज्युनियर मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये) जळून झालेला वायू गोळीला ढकलत असतो. नळी लवकर संपली की तो दाबासकट बाहेर फुटतो. आयसी इंजिनचा स्ट्रोक अर्ध्यात तोडण्यासारखंच. उरलेल्या दाबाची होते आग आणि आवाज. बंद खोलीत १६० डेसिबलच्या वर! धडाक्याच्या आवाजाची धोक्याची रेषा १४० ला धरतात.

दुसरं थ्री हंड्रेड ब्लॅकआउट, २०११ साली प्रमाणित झालेलं. ५.५६ चीच पुंगळी आखूड करून तोंडात ७.८ मिमी व्यासाची गोळी बसवली. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी बदलायची. गोळीचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे तेवढ्याच दाबाला दुप्पट बल. शिवाय दारू झटपट जळणारी. त्यामुळे १६ इंचांवरून ९ इंचांवर आलं तरी ८ ग्रॅमच्या गोळीचा वेग ६७५ वरून ६२५ पर्यंतच उतरतो. तोटे दोन. काडतूस महाग, म्हणजे सराव कमी. आणि दोन्ही कॅलिबर एका घरात असतील तर घोळ होऊ शकतो. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६ च्या बंदुकीत शिरलं, तर जाड गोळी बारीक नळीतून जात नाही आणि बंदूक हातातच फुटते.

झालं! पहाटे चारपर्यंत शीट तयार. ग्राफ, रंगीत कॉलम, खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: थ्री हंड्रेड ब्लॅकआउट, हलकी गोळी, ९ इंची नळी. एवढी सुबक शीट मी थर्मोच्या टर्मवर्कलाही केली नव्हती.

रविवारी व्हिडिओ कॉलवर दादा खूश. मग वहिनी समोर आल्या. "भाऊजी, गणित छान आहे. पण आमच्या भिंती कशाच्या आहेत, माहितीये?" त्यांनी मागे वळून भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवलं. ठक, ठक. आवाज पोकळ आला.

आणि लगेच पलीकडून उत्तर आलं. ठक, ठक, ठक!

"चिऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "तिला वाटलं खेळ चाललाय. आणि रात्री दोन वाजता अंधारात आमच्या दारात सगळ्यात जास्त वेळा कोण येऊन उभं राहतं सांगू? हीच."

मी गप्प. दादाही गप्प.

आपल्या हॉस्टेलची भिंत नऊ इंची विटेची. खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो. तिकडे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड, मध्ये पोकळी. हलकी, वेगवान गोळी त्यात कोलमडते, तुटते आणि भिंती ओलांडता ओलांडता जड गोळीपेक्षा लवकर दमते. पण पहिली भिंत कोणतीच गोळी अडवत नाही. ना ५.५६ ची, ना ब्लॅकआउटची, ना पिस्तुलाची.

मी घराचा नकाशा मागवला. दादाच्या पलंगापासून दारापर्यंत, जिन्यापर्यंत रेषा ओढल्या. दोन रेषा शेजाऱ्याच्या घरात गेल्या. तिसरी थेट चिऊच्या पलंगावरून. नेमबाजीच्या वर्गात तिकडे पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे, की निशाण्याच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा. आणि मी पहाटे चारपर्यंत फक्त नळीच्या आत बघत बसलो होतो! आमचे सर बोर्डवर गणित मांडताना ओरडतात, "बाउंडरी कंडिशन कुठाय?" ते तेव्हा कळलं.

बंदूक घ्यायचीच नाही, असं दादा म्हणत नाही आणि मीही त्याला तसं सांगितलं नाही. लाथा त्याच्या दारावर बसल्या होत्या, माझ्या नाही. पण क्रम बदलला. आधी मागच्या दाराचे छोटे स्क्रू काढून पार चौकटीच्या लाकडात जाणारे तीन इंची घातले. मागे दिवा लावला. चिऊचा पलंग नकाशावरच्या त्या रेषेतून हलवला. लोखंडी तिजोरीची ऑर्डर दिली. बंदुकीचा अर्ज अजून भरलेला नाही. रिकामी तिजोरी आली की वहिनींशी बोलून ठरवणार आहे.

शीट माझ्याकडे आहे. वेग, ऊर्जा, डेसिबल सगळे कॉलम तसेच आहेत. त्यांच्या आधी मी एक नवा कॉलम घातलाय: "पलीकडे कोण?"

जर्नल मात्र त्या आठवड्यात अपुरंच राहिलं. सरांनी कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, "सर, घरचं काम होतं."